घर कामून पडलं? : इंग्रजी वाक्यातलं कारण

धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यात सास्तूर हे गाव आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी इथली जमीन हादरली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून गाव गाढ झोपलं होतं. किल्लारीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून जवळपास ८ हजार माणसं गेली. सर्वाधिक मार बसलेल्या गावांत सास्तूर होतं.

या गावातली दहावीची एक मुलगी डोळ्यांपुढे आणा. भूकंपानंतर कितीतरी वर्षांनी जन्मलेली. बाईंनी इंग्रजीत निबंध लिहून आणायला सांगितलाय, विषय भूकंप. तिने काही तो पाहिलेला नाही, म्हणून ती आजीपाशी जाऊन बसते.

“आज्जे, आपलं जुनं घर कामून पडलं गं?”

“भिती दगडाच्या व्हत्या, मातीत बसविलेल्या. वर माळवदाचा बोजा. म्हणून पडलं बाई.”

मुलगी वहीत लिहिते : “बिकॉज ऑफ द वॉल्स वेअर हेवी सो द हाउस कोलॅप्स्ड.”

बाई त्यावर लाल रेघ मारतील. पण वाक्य नुसतं चूक म्हणून सोडून देण्यासारखं नाही. त्यात दोन चुका आहेत आणि दोन्ही अक्कलहुशारीने केलेल्या आहेत. मुलीने मराठीचे नियम इमानाने पाळले, फक्त ते इंग्रजीच्या घरात जाऊन पाळले. ‘का’ या प्रश्नाचं उत्तर इंग्रजीत कसं द्यायचं, हे या प्रकरणात आपण तिच्याच वाक्याला धरून पाहू.

खूण शिंगाला की शेपटीला?

आधी आजीचं वाक्य आटोपशीर करून तपासू. “भिंती जड होत्या म्हणून घर पडलं.” यात ‘म्हणून’ कुणाचा? कारणाचा की परिणामाचा? शाळेच्या व्याकरणात ‘म्हणून’ हे परिणामबोधक उभयान्वयी अव्यय म्हणून पाठ करून घेतात, त्यामुळे तो ‘घर पडलं’च्या बाजूचा वाटतो. पण वाक्य जरा हलवून बघा. “घर पडलं ते भिंती जड होत्या म्हणून.” कारण उचलून मागे नेलं, तर ‘म्हणून’ त्याच्याबरोबर मुकाट्याने गेला. म्हणजे तो कारणालाच बांधलेला आहे, त्याच्या शेपटीला.

इंग्रजीतला ‘बिकॉज’ही कारणालाच बांधलेला असतो, पण शिंगाला. “बिकॉज द वॉल्स वेअर हेवी” हे एक अखंड जनावर आहे. ते वाक्यात पुढे बांधा किंवा मागे बांधा, ‘बिकॉज’ त्याच्या कपाळावरून हलत नाही.

आपल्या मुलीची अडचण इथे आहे. ‘बिकॉज’ पुढे लावून झाला, तरी मराठी कानाला दोन वाक्यांच्या मधली ‘म्हणून’ची जागा रिकामी वाटत राहते. ती भरायला ‘सो’ आयता मिळतो. बोलताना आपण “कारण भिंती जड होत्या म्हणून घर पडलं” असं सर्रास म्हणतो आणि कुणाला ते खटकत नाही. आपल्याला जोड्यांची सवयच आहे : जरी–तरी, जसं–तसं, ज्या अर्थी–त्या अर्थी. इंग्रजी मात्र कारणाच्या सांध्याला एकच खीळ ठोकते. ‘बिकॉज’ वापरला की ‘सो’ नाही, ‘सो’ वापरला की ‘बिकॉज’ नाही. ‘ऑल्दो’ आला की ‘बट’ नाही, हाही त्याच घरचा नियम.

म्हणून बरोबर वाक्यं दोन. “द हाउस कोलॅप्स्ड बिकॉज द वॉल्स वेअर हेवी.” किंवा “द वॉल्स वेअर हेवी, सो द हाउस कोलॅप्स्ड.” दुसरं वाक्य आजीच्या वाक्याच्या चालीने चालतं. बोलताना अडखळत असाल, तर ‘सो’ हा मराठी माणसाचा सख्खा मित्र आहे. लिहिताना त्याच्या जागी ‘देअरफोर’ किंवा ‘हेन्स’ येतो. पण हे दोघे आधीच्या वाक्यानंतर पूर्णविराम किंवा अर्धविराम मागतात, नुसत्या स्वल्पविरामावर भागवत नाहीत.

‘म्हणून’बद्दल आणखी एक गंमत सांगायला हवी. हा शब्द मुळात ‘म्हणणे’ या क्रियापदाचा. “येतो म्हणून गेला” यात त्याचा मूळ अर्थ अजून जिवंत आहे. ‘असं म्हणून’पासून ‘या कारणाने’पर्यंतचा हा प्रवास शेजारच्या भाषांतही झालेला दिसतो. कन्नडमधला ‘अंत’ आणि तेलुगूमधला ‘अनि’ हेही ‘म्हणणे’च्याच घरातले आणि तेही कारण सांगायला वापरतात. दख्खनी हिंदीत तर “बारिश आई बोलके नहीं आया” असं सरळ म्हणतात. सास्तुराहून कर्नाटकाची सीमा लांब नाही, आणि १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दख्खनी या चारही भाषा तिथे एकाच बाजारात बोलल्या जात. नातीच्या तोंडचा ‘कामून’ हासुद्धा ‘काय म्हणून’ झिजून झालेला. प्रश्नातही ‘म्हणून’ आणि उत्तरातही ‘म्हणून’!

इंग्रजी ‘बिकॉज’ची जन्मकथा अगदी निराळी. ‘बाय’ आणि ‘कॉज’ हे दोन शब्द जुळून तो झाला, म्हणजे शब्दशः ‘कारणाने’. कारण हे नाव त्याच्या पोटातच आहे, म्हणून तो कारणाच्या तोंडाशी उभा राहतो.

‘मुळे’चा चकवा

आता दुसरी चूक. मुलीने ‘बिकॉज’नंतर ‘ऑफ’ का लावला?

आपल्याला एक सोपी खूणगाठ शिकवलेली असते : ‘म्हणून’ला ‘बिकॉज’, ‘मुळे’ला ‘बिकॉज ऑफ’. “पावसामुळे” म्हणजे “बिकॉज ऑफ द रेन”, “पाऊस पडला म्हणून” म्हणजे “बिकॉज इट रेन्ड”. खूणगाठ चांगली आहे, पण निम्म्या वाटेवर दगा देते. कारण मराठी एक करामत करते, अख्खं वाक्य वळवून त्याला ‘मुळे’ चिकटवते. “भिंती जड असल्यामुळे.” “पाऊस पडल्यामुळे.” “बस न आल्यामुळे.” यात ‘मुळे’ आहे, पण त्याच्यामागे नुसतं नाव नाही, कर्ता आहे, क्रिया आहे, सगळं बिऱ्हाड आहे. मुलीच्या मनात “भिंती जड असल्यामुळे” आलं, ‘मुळे’ ऐकून हाताने ‘बिकॉज ऑफ’ लिहिलं, आणि मग बिऱ्हाड आत घेताना ‘वेअर’ही आत आलं.

म्हणून मराठी शब्दाकडे न बघता इंग्रजी तुकड्याकडे बघा. पुढे ‘इज, वॉज, वेअर, हॅड, केम’ असं चालतंबोलतं क्रियापद येतंय? मग ‘ऑफ’ काढा. “बिकॉज द वॉल्स वेअर हेवी.” पुढे फक्त नाव आणि त्याची विशेषणं आहेत? मग ‘ऑफ’ ठेवा. “बिकॉज ऑफ द हेवी वॉल्स.”

‘ड्यू टू’ आणि ‘ओइंग टू’ यांनाही पुढे नावच लागतं. जुने वैयाकरण ‘ड्यू टू’ला ‘इज’ किंवा ‘वॉज’नंतरच बसवत : “द डॅमेज वॉज ड्यू टू द हेवी रूफ.” आज चांगली वर्तमानपत्रंही तो ‘बिकॉज ऑफ’च्या जागी बिनदिक्कत वापरतात, तेव्हा त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. ‘ओइंग टू’ला मात्र सरकारी पत्राचा वास आहे, आपल्या ‘सबब’ आणि ‘कारणास्तव’सारखा. गैरहजेरीच्या अर्जात शोभतो, चहाच्या टपरीवर नाही.

आधी काय सांगायचं?

मराठी माणूस आधी कारण मांडतो, मग घटना. “पोरगं आजारी होतं, रात्रभर झोप नव्हती, सकाळची गाडी चुकली, म्हणून यायला उशीर झाला.” ऐकणारा शेवटपर्यंत कान देऊन बसतो. इंग्रजी बोलणारा बहुधा उलट चालतो : उशीर झाला हे आधी, कारण मागून. ही काही शिस्तीची बाब नाही. इंग्रजी वाक्यात नवी आणि वजनदार बातमी शेवटाकडे ठेवण्याचा कल असतो, आणि ‘का’ असं कुणी विचारलं असेल तेव्हा कारण हीच बातमी असते.

पण कारण समोरच्याला आधीच ठाऊक असेल तेव्हा? त्याच्यासाठी इंग्रजीत ‘सिन्स’ आणि ‘ॲज’ आहेत, आणि ते सहसा वाक्याच्या सुरुवातीला येतात. “सिन्स यू आर फ्रॉम सास्तूर, यू मस्ट नो द स्टोरी.” तू सास्तूरचा आहेस म्हटल्यावर तुला ही गोष्ट ठाऊक असणारच. आपला मराठी क्रम इथे जसाच्या तसा चालतो. म्हणून ‘का’चं उत्तर देताना ‘बिकॉज’ आणि दोघांनाही माहीत असलेल्या गोष्टीवर पुढचं वाक्य उभं करताना ‘सिन्स’, एवढी वाटणी लक्षात ठेवली तरी बोलणं बरंच सुधारतं. ‘व्हाय?’ या प्रश्नाला ‘सिन्स’ने उत्तर देऊ नये, ते कानाला खटकतं.

हा ‘सिन्स’ मुळात काळाचा शब्द, ‘तेव्हापासून’ या अर्थाचा. काळाच्या शब्दाला कारणाचा अर्थ चिकटणं ही जगभरच्या भाषांची खोड आहे, आणि मराठीतही ती आहे. “उद्या सुट्टी आहे, तेव्हा आजच काम उरकून घे” यातला ‘तेव्हा’ घड्याळाचा नाही. ‘म्हटल्यावर’मधला ‘वर’ही ‘नंतर’चाच. माणसाचं मन ‘यानंतर’वरून ‘यामुळे’वर फार लवकर उडी मारतं. त्या उडीवर आपल्याकडे एक म्हणही आहे : कावळा बसायला आणि फांदी तुटायला. म्हणून ‘सिन्स’ लिहिल्यावर एकदा वाचून बघावं. “सिन्स द रोड वॉज बिल्ट, द व्हिलेज हॅज ग्रोन” यात रस्ता झाल्यापासून गाव वाढलं एवढंच आहे; रस्ता झाला म्हणून वाढलं असं म्हणायचं असेल, तर तिथे ‘बिकॉज’च हवा.

एक कारण, दोन शब्द

आता जरा खोल पाण्यात जाऊ. मराठीत ‘कारण’ हा एक शब्द दोन कामं करतो. इंग्रजीत त्यांची वाटणी आहे : ‘कॉज’ आणि ‘रीझन’. घटना घडवतं ते ‘कॉज’. माणूस काही करतो, ठरवतो किंवा मानतो, त्यामागे असतं ते ‘रीझन’. “द कॉज ऑफ द अर्थक्वेक”, पण “द रीझन फॉर लीव्हिंग द व्हिलेज”. ‘कॉज’ला ‘ऑफ’ लागतो, ‘रीझन’ला ‘फॉर’.

भूकंपाला ‘कॉज’ असतं, ‘रीझन’ नसतं. भारताचा भूपट्ट उत्तरेकडे सरकत हिमालयाला रेटतो आहे. त्या रेट्याचा ताण दख्खनच्या पठाराच्या पोटातल्या जुन्या, दुबळ्या जागांवर साठतो आणि कधीतरी खडक सरकतो. किल्लारीला हे झालं ते जमिनीखाली साधारण १० किलोमीटरवर. पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीत ६१७ मीटर खोल भोक पाडलं, तेव्हा काळ्या कातळाचा थर ३३८ मीटरवर संपला आणि खाली फार प्राचीन खडक लागला. हा सगळा ‘कॉज’चा शोध.

भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसवायचं ठरलं. त्या निर्णयामागे मात्र ‘रीझन’ होतं. कुणी जुन्या गावठाणात परत पाऊल ठेवायला तयार नव्हतं, कुणाचा जीव तिथल्या देवळात आणि शेतात अडकला होता. ही माणसांची ‘रीझन्स’. खडक सरकतो तेव्हा तो काही ठरवत नाही.

“द रीझन इज बिकॉज...” हा आपल्याकडे फार ऐकू येणारा प्रयोग टाळावा. ‘रीझन’मध्ये कारण आलंच, मग ‘बिकॉज’ कशाला? “द रीझन इज दॅट...” म्हणावं. इंग्रजांची मुलंही ही चूक करतात, एवढाच दिलासा.

‘कॉज’ आणि ‘रीझन’ यांतला फरक आपल्याकडच्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडितांनी, कितीतरी आधी नीट मांडून ठेवला आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून डोंगरावर आग आहे. या प्रसिद्ध अनुमानात धूर हा ‘हेतू’ आहे. धुराने आग लागत नाही. आगीने धूर होतो. पण ‘आग आहे’ असं म्हणायला धूर हे कारण आहे. इंग्रजीतला ‘बिकॉज’ही हे दुसरं काम करतो. “दे मस्ट बी ॲट होम, बिकॉज द लाइट इज ऑन.” दिवा लागलाय म्हणून ते घरी आले, असं नाही; ते घरी आहेत असं मी म्हणतोय, ते दिव्यामुळे. अशा वेळी ‘बिकॉज’च्या आधी स्वल्पविराम आणि बोलताना क्षणभर थांबा, एवढी खूण इंग्रजी ठेवते. जुन्या पुस्तकांत याच जागी ‘फॉर’ भेटतो. मराठीत नेमकेपणाने सांगायचं तर “ज्या अर्थी दिवा लागलाय, त्या अर्थी ते घरी असणार.” आता ही जोडी जुन्या वळणाची वाटते, पण तिच्याइतका चोख पर्याय इंग्रजीतही नाही.

घडवणं आणि खटका दाबणं

निबंध जरा वरच्या पायरीचा हवा असेल, तर ‘बिकॉज’ सोडून क्रियापदांकडे जावं. ‘कॉज’, ‘लीड टू’, ‘रिझल्ट इन’, ‘ट्रिगर’, ‘कॉन्ट्रिब्यूट टू’. मराठीत आपण या सगळ्यांचं ‘कारणीभूत ठरणे’ करून मोकळे होतो, म्हणून त्यांच्यातला फरक समजून घेण्यासारखा आहे.

सास्तुरापासून जवळच माकणीला तेरणा नदीवर निम्न तेरणा प्रकल्पाचं धरण आहे. भूकंपानंतर साहजिकच चर्चा उठली : त्या पाण्यामुळे जमीन हलली का? अभ्यासकांत यावर मतभेद झाले. कोयनेची गोष्ट वेगळी. तिथल्या ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाचा आणि कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचा संबंध आज जगभर मान्य आहे. तरी तिथेही ‘धरणाने भूकंप घडवला’ असं इंग्रजीत लिहिताना जाणकार ‘कॉज्ड’ म्हणत नाहीत. हर्ष गुप्ता यांच्यासारखे भूकंपशास्त्रज्ञ ‘ट्रिगर्ड’ हा शब्द पसंत करतात. कारण ताण खडकात आधीच भरलेला होता, पाण्याने फक्त खटका दाबला. बंदुकीतली दारू आणि चाप यांत जो फरक, तोच ‘कॉज’ आणि ‘ट्रिगर’मध्ये. ‘कॉन्ट्रिब्यूट टू’ त्याहून सौम्य, नुसता हातभार लावणारा.

एका शब्दाच्या निवडीवर जबाबदारी कुणाच्या डोक्यावर जाते हे ठरतं. म्हणून वृत्तांत, अहवाल किंवा तक्रार इंग्रजीत लिहिताना हे क्रियापद घाईने निवडू नये.

‘रिझल्ट’ची दिशाही सांभाळावी. कारणापासून परिणामाकडे जाताना ‘रिझल्ट इन’ : “पुअर मेसनरी रिझल्टेड इन मेनी डेथ्स.” परिणामाकडून कारणाकडे वळताना ‘रिझल्ट फ्रॉम’ : “मेनी डेथ्स रिझल्टेड फ्रॉम पुअर मेसनरी.” एक शब्दयोगी चुकला की बाप लेकाचा लेक होतो.

ने, पायी, अभावी, खातर

मराठी कारणांना रंग देते. “दारूमुळे घर गेलं” ही माहिती झाली. “दारूपायी घर गेलं” यात चीड आहे. “पोरांखातर राबली” यात माया आहे, “औषधाअभावी गेला” यात उणीव आहे, “तुमच्या कृपेने” यात कधी नमस्कार असतो, कधी टोमणा.

इंग्रजी हे रंग बारक्या शब्दांनी भरते. भुकेने मरणं म्हणजे ‘डाय ऑफ हंगर’, जखमांनी मरणं ‘डाय फ्रॉम इंज्युरीज’, थंडीने कुडकुडणं ‘शिव्हर विथ कोल्ड’. मनातल्या भावनेपोटी काही केलं की ‘आउट ऑफ’ : दयेपोटी ‘आउट ऑफ पिटी’. उणिवेसाठी ‘फॉर वॉन्ट ऑफ’ किंवा ‘फॉर लॅक ऑफ’, हा आपला ‘अभावी’. माणसाच्या ढिलाईसाठी ‘थ्रू’ : निष्काळजीपणामुळे, ‘थ्रू केअरलेसनेस’. ‘कृपेने’च्या जागी ‘थँक्स टू’, आणि त्याच्यातही तोच टोमणा लपतो. “थँक्स टू यू, वी मिस्ड द बस!” हे आभार नव्हेत. गंभीर प्रसंगी म्हणून त्याला लांब ठेवावं. कुणाच्या मृत्यूचं कारण सांगताना ‘थँक्स टू’ चुकूनही लिहू नये.

आपण या सगळ्यांना ‘ने’ किंवा ‘मुळे’ लावून इंग्रजीत ‘बिकॉज ऑफ’ करतो. चूक होत नाही, पण वाक्य फिकं पडतं. हे शब्द नियमाने येत नाहीत, जोड्यांनी पाठ करावे लागतात. ‘तापाने फणफणणं’ आणि ‘थंडीने काकडणं’ आपण तरी कुठे नियमाने शिकलो?

नकाराची गाठ

आता एक असं वाक्य, ज्यात भलेभले फसतात. “आय डिड नॉट लीव्ह बिकॉज आय वॉज अफ्रेड.” अर्थ काय? भीती वाटली म्हणून मी गाव सोडलं नाही? की गाव सोडलं खरं, पण ते भीतीपोटी नव्हे? इंग्रजीत दोन्ही अर्थ निघतात. नकार फक्त ‘लीव्ह’वर बसतो की ‘बिकॉज’वरही पसरतो, हे वाक्याच्या तोंडावर लिहिलेलं नसतं.

मराठीत हा घोळ सहसा होत नाही. “भीती वाटली म्हणून मी गाव सोडलं नाही” आणि “भीती वाटली म्हणून गाव सोडलं, असं नाही.” आपलं ‘नाही’ कुठे बसलंय ते लख्ख दिसतं. इंग्रजीत ते स्पष्ट करायचं तर पहिल्या अर्थासाठी कारण पुढे आणावं : “बिकॉज आय वॉज अफ्रेड, आय डिड नॉट लीव्ह.” दुसऱ्यासाठी वाक्य मोडून बांधावं : “आय लेफ्ट, बट नॉट बिकॉज आय वॉज अफ्रेड.” जबाब, अर्ज आणि करारनाम्यांत हा फरक महागात पडू शकतो.

‘का आलात?’

दारात आलेल्या पाहुण्याला आपण “का आलात?” विचारत नाही. “काय काम काढलंत?”, “कसं येणं केलंत?” असं म्हणतो. ‘का’ उघडा टाकला की तो जाब होतो. इंग्रजीतही तसंच. “व्हाय हॅव यू कम?” पोलीस ठाण्यात ठीक, घरात नाही. तिथे “व्हॉट ब्रिंग्ज यू हिअर?” म्हणतात. आश्चर्य असेल तर “हाउ कम?”, निर्णयामागचं मन जाणून घ्यायचं असेल तर “व्हॉट मेड यू डिसाइड?” व्याकरणाची चूक परका माणूस हसून सोडून देतो, पण ‘व्हाय’चा फटका त्याच्या लक्षात राहतो. मुलाखतीला किंवा फोनवर बोलताना हे विसरू नये.

वहीतलं वाक्य, पुन्हा एकदा

आता आपल्या मुलीच्या वहीकडे परत जाऊ. तिची इंग्रजी चूक दुरुस्त झाली. पण आजीचं उत्तर अजून पुरतं उतरलं नाही, कारण आजीने एक नव्हे, तीन गोष्टी सांगितल्या होत्या : दगड, मातीचा सांधा आणि माळवद. या भागातल्या जुन्या घरांच्या भिंती दोन-अडीच फूट, कधी त्याहूनही रुंद असत. बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा, मध्ये दगडमातीची भर. दोन्ही थरांना एकत्र बांधणारा आरपार दगड क्वचितच. वर लाकडी खणांवर मातीचं माळवद, आणि गळू नये म्हणून त्यावर वेळोवेळी टाकलेली आणखी माती. हादरा बसताच भिंतींचे दोन थर एकमेकांपासून सुटले आणि वरचा भार खाली आला. पुष्कळ ठिकाणी लाकडी सांगाडे उभे राहिले आणि भिंती ढासळल्या. उन्हापासून वाचवणारी रुंद भिंत त्या पहाटे माणसांच्या अंगावर आली. कुडाच्या आणि गवताच्या हलक्या झोपड्या मात्र तगून राहिल्या.

हे सगळं तिला मोजक्या इंग्रजीत सांगता येईल : “द अर्थक्वेक वॉज नॉट द ओन्ली कॉज ऑफ द डेथ्स. द वॉल्स हॅड नो स्टोन्स टू टाय देम टुगेदर, अँड द मड रूफ वॉज सो हेवी दॅट द हाउस कुड नॉट स्टँड. द हट्स सर्व्हाइव्ह्ड बिकॉज दे वेअर लाइट.”

मृत्यूंचं कारण एकटा भूकंप नव्हता. भिंतींना जोडून धरणारे दगड नव्हते, आणि मातीचं छत इतकं जड होतं की घर तगलं नाही. झोपड्या वाचल्या, कारण त्या हलक्या होत्या. तीन वाक्यांत एक ‘कॉज ऑफ’, एक ‘सो–दॅट’ आणि एक ‘बिकॉज’. परीक्षेत ‘डू ॲज डायरेक्टेड’च्या प्रश्नात सोडवायला लावतात, तेच हे प्रकार. फरक इतकाच, की इथे त्यांच्यावर घराचा भार आहे.

वाचकाला एक विनंती आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेपासून आजपर्यंत आपण दुसऱ्याने दिलेली वाक्यं इंग्रजीत करत आलो. आज रात्री स्वतःच्या घरातल्या मोठ्या माणसाला एक ‘का’ विचारा. आपण हे गाव का सोडलं, ती विहीर का बुजवली, आत्याचं शिक्षण का थांबलं. उत्तर आधी मराठीत जसंच्या तसं लिहून काढा, त्यातली कारणं मोजा, आणि मग इंग्रजी करायला बसा. एका कारणाला एकच खीळ, एवढं सांभाळा.